संप्रेरकांचा परिणाम काही मिनिटांत कसा दिसतो?

प्रश्न : संप्रेरके जनुकांमार्फत काम करतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही तास किंवा दिवस लागतात, असे आम्हाला शिकवले गेले. मग मादी जवळ येताच नर उंदराचे मीलनवर्तन संप्रेरकांमुळे लगेच बदलते, असे म्हणतात ते कसे?

उत्तर : आपण शिकलात ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. टेस्टोस्टेरॉन हे वृषणांतून स्रवणारे नर-संप्रेरक पेशीत शिरून ग्राहीशी (संप्रेरकाला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाशी) जोडले जाते, ही जोडी डीएनएवर बसून जनुकांचे काम कमी-जास्त करते आणि त्यानंतर नवी प्रथिने तयार होतात. या मार्गाला वेळ लागणारच. म्हणूनच वृषणे काढलेल्या नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन एका दिवसात जवळजवळ नाहीसे झाले, तरी त्याचे मीलनवर्तन कित्येक दिवस, काही नरांत तर कित्येक आठवडे टिकून राहते.

मात्र मादीच्या मूत्राचा नुसता वास आला तरी नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन अर्ध्या-पाऊण तासात वाढते. ही वाढ त्याच भेटीत उपयोगी पडत असेल, तर तिला जनुकांची वाट पाहून चालणार नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे : मेंदूतील ॲरोमॅटेज हे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रॅडिओलमध्ये करते आणि नराच्या वर्तनावरील परिणामाचा मोठा भाग या ‘मादीच्या’ समजल्या जाणाऱ्या संप्रेरकामुळेच घडतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृषणे काढलेल्या नर घुशींना इस्ट्रॅडिओल टोचल्यावर सुमारे 35 मिनिटांतच ते मादीला अधिक हुंगू लागले व तिच्यावर आरोहण करू लागले. 2007 मधील प्रयोग तर अधिक बोलका आहे. त्यात निरोगी नर उंदरांचे ॲरोमॅटेज औषधाने रोखल्यावर दहाएक मिनिटांत त्यांचे आरोहण जवळजवळ थांबले, आणि ज्यांच्यात ॲरोमॅटेजचे जनुकच निकामी केले होते अशा नरांमध्ये इस्ट्रॅडिओलच्या एका मात्रेने पंधरा मिनिटांत मीलनवर्तन दिसू लागले.

एवढ्या थोड्या वेळात नवी प्रथिने तयार होऊन कामाला लागणे कठीण आहे. त्यामुळे इस्ट्रॅडिओल पेशीपटलाजवळच्या (पेशीच्या बाह्य आवरणाजवळच्या) ग्राहींवर काम करून, पेशीत आधीच हजर असलेल्या विकरांना चालना देऊन आणि आयनांना (विद्युतभारित कणांना) आत-बाहेर जाऊ देणाऱ्या वाहिन्यांवर परिणाम करून चेतापेशींची संवेदनशीलता बदलते, असे मानले जाते. मीलनवर्तनाचे नियंत्रण करणारा हायपोथॅलॅमसलगतचा ‘मीडियल प्रीऑप्टिक’ भाग यात महत्त्वाचा आहे.

तरीही मंद मार्ग दुय्यम ठरत नाही. याच भागात नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर पुरेसे राहावे आणि मादी समोर येताच डोपामाइन स्रवावे (ही दोन्ही चेतापेशींमधील संदेशवाहक रसायने आहेत), ही पूर्वतयारी टेस्टोस्टेरॉनच करून ठेवते. त्यामुळे वृषणे काढून बरेच दिवस झालेल्या नरात हुंगणे व आरोहण तासाभराच्या आत वाढू शकत असले, तरी वीर्यस्खलनापर्यंतचा पूर्ण क्रम परत येण्यासाठी त्याला अनेक दिवस संप्रेरक द्यावे लागते.