कपडे टोचतात, काचतात, घासतात: सवयीची वाट बघू नका

तुम्हाला लहानपणापासून कॉलरचं लेबल, मोज्याची शिवण, कमरेचं इलॅस्टिक सहन होत नाही. घरचे 'नखरे' म्हणतात. नव्या नोकरीत गणवेश सक्तीचा आहे. आणि आता सहा वर्षांची मुलगीही रोज सकाळी मोजे घालताना रडते. एवढं सांगून तुम्ही विचारलंय, की हळूहळू सवय होईल का? माझंही आयुष्य याच त्रासासोबत गेलंय, म्हणून सरळ सांगते. सवयीची वाट बघत बसू नका. नेमका कोणता स्पर्श नकोसा होतो ते शोधा आणि तो काढून टाका. अंगावर दिवसभर काही खुपत असेल तर ते सोसण्यातच निम्मी शक्ती जाते, आणि हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.

बहुतेकांना कपडा घातल्यावर थोड्याच वेळात त्याचा विसर पडतो. तोच तोच स्पर्श येत राहिला की त्वचेतल्या मज्जातंतूंचा प्रतिसाद मंदावतो आणि मेंदूही तिकडे लक्ष देणं सोडून देतो. आपल्यासारख्यांच्या बाबतीत हे विसरणं नीट होत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या हातावर खरखरीत लोकर घासत त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं होतं. ज्यांना स्पर्शाचा आणि आवाजाचा त्रास जास्त, त्यांच्या मेंदूतला धोक्याची दखल घेणारा भाग, अमिग्डाला, इतरांच्यासारखा शांत होत नव्हता. म्हणजे 'दुर्लक्ष कर' हा सल्ला ज्या यंत्रणेच्या भरवशावर दिला जातो, तीच आपल्याकडेही कमी चालत असावी. तुम्ही नखरे करत नव्हता.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. 'सैल कपडे घाल' असं सगळेच सांगतात, पण ते प्रत्येकाला लागू पडत नाही. अनेकांना सगळ्यात जास्त छळतो तो हलका, सरकता स्पर्श. एका जागी स्थिर असलेला घट्ट दाब उलट बरा वाटतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या उपचारक) जीन एअर्स यांनी १९६०च्या दशकात स्पर्शाला होणाऱ्या या तीव्र प्रतिकाराचं वर्णन केलं, तेव्हापासून या क्षेत्रात हा फरक सांगितला जातो. टेंपल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या शास्त्रज्ञ. त्यांना माणसांनी मिठी मारलेली सोसत नसे, पण अंगाला दोन्ही बाजूंनी दाब देणारं यंत्र त्यांनी स्वतःसाठी बनवलं, आणि त्यात त्यांना शांत वाटे. सैल सदरा प्रत्येक हालचालीला पाठीवरून फिरतो. तुमचा त्रास या जातीचा असेल तर गणवेशाच्या आत अंगाला बसणारा, मऊ होजिअरीचा, बाह्या असलेला गंजीफ्रॉक घालून बघा, शक्यतो एक माप लहान न घेता. वरचा जाड शर्ट मग त्याच्यावरून सरकतो, त्वचेवरून नाही. पण कंबर, मनगट, गळा इथे काचणं हाच तुमचा त्रास असेल तर हा उपाय उलटा पडेल. म्हणून आधी स्वतःलाच विचारा: टोचतंय, काचतंय, घासतंय, की चिकटतंय? या चारही तक्रारी वेगळ्या आणि त्यांचे उपायही वेगळे.

टोचण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यावर घरीच बरंच काही करता येतं. लेबल कात्रीने कापलं की शिवणीत दोन-तीन मिलिमीटरची ताठ पट्टी उरते, आणि ती अख्ख्या लेबलापेक्षा जास्त बोचते. कपडा उलटा करून उजेडात धरा. लेबल वेगळ्या टाक्यांनी वरून लावलेलं असेल तर टाके उसवायचं टोकदार हत्यार मिळतं, त्याने एकेक टाका कापा आणि तुटलेले धागे चिमट्याने वेचून काढा. लेबल कॉलरच्या शिवणीतच धरलेलं असेल तर टाके उसवू नका, कॉलर सुटेल. तिथे लेबल जितकं मुळाशी कापता येईल तितकं कापा आणि वरून मऊ सुती कापडाची अरुंद पट्टी शिवून घ्या. कधीकधी गुन्हेगार लेबल नसतंच. ते ज्या पारदर्शक नायलॉनच्या धाग्याने शिवलेलं असतं, त्याचं टोक माशाच्या गळाच्या दोरीसारखं ताठ असतं. बोटाच्या पेराने शिवण चाचपली की ते सापडतं.

लोकर टोचते तेव्हाही पुष्कळदा ती ॲलर्जी नसते. ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, त्वचेला ढोसतात. असे तंतू साधारण ५ टक्क्यांहून जास्त झाले की ती लोकर बहुतेकांनाच टोचते, आपल्याला त्याआधीच. मेरिनो लोकर मऊ लागते ती तिचे तंतू बारीक असतात म्हणून.

नवा कपडा दोन-तीनदा धुतल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका, कारण वरचं कडक फिनिश धुण्यात जातं. चिकटण्याचा त्रास घामाने वाढतो. ओलं कापड त्वचेला जास्त घासतं, त्यामुळे जाड पॉलिस्टरपेक्षा पातळ सुती किंवा मोडाल (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं मऊ कापड) बरं. एखादा कपडा मानवला की तसेच आणखी घेऊन ठेवा. रोज एकसारखेच कपडे घालण्यात कमीपणा काही नाही.

आता एक गोष्ट गंभीरपणे. त्वचेवर खरोखर पुरळ, लाली किंवा चट्टे उठत असतील तर तो वेगळा विषय आहे. बेंबीखाली पँटच्या बटणाच्या जागी खाजरा चट्टा म्हणजे बहुधा बटणातल्या निकेल या धातूची ॲलर्जी. इलॅस्टिकमधली रबराची रसायनं, गडद निळ्या-काळ्या कृत्रिम कापडांतले काही रंग, सुरकुत्या न पडण्यासाठी केलेली प्रक्रिया यांचीही ॲलर्जी होते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात: पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवून मग त्वचा बघतात, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासतात. आणि हा त्रास जन्मापासून नसून मोठेपणी अचानक सुरू झाला, शरीराच्या एकाच बाजूला किंवा एका पट्ट्यात असला, जळजळ, बधिरपणा किंवा अशक्तपणा सोबत असला, तर कपडे बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. नागीण, मधुमेहामुळे दुखावलेले मज्जातंतू, अर्धशिशी यांतही साधा स्पर्श वेदनेसारखा लागतो.

हा आजार आहे का, असंही तुम्ही विचारलंय. तसं वेगळं निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, डीएसएम-५ मध्ये, नाही. २०१३ साली आलेल्या त्या आवृत्तीत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांपैकी एक म्हणून आलं. पण स्पर्शाचा त्रास आहे म्हणून ऑटिझम आहेच असं नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आणि चिंताविकार असलेल्यांतही तो आढळतो, आणि यांतलं काहीच नसलेल्यांतही. मुलीचं बोलणं, खेळणं, खाणं, झोप यांबद्दलही शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. संवेदनांवर काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट उपयोगी पडू शकतो, पण त्याने तुमच्या रोजच्या अडचणीवर बोट ठेवून ध्येय ठरवावं आणि काही आठवड्यांनी फरक पडला का ते तपासावं. काही थेरपिस्ट ठरावीक पद्धतीने अंगावरून ब्रश फिरवायला सांगतात, त्यामागे पुरावा फारसा नाही. मुलगी त्याला विरोध करत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, करू नका.

मोज्यांचं म्हणाल, तर आधी तिच्या पायाकडे बघा. शिवण बहुधा करंगळीच्या टोकावर येते आणि बुटात दाबली जाते. मोजे उलटे करून घाला, शिवण बाहेर जाईल. मोठे मोजे घेऊ नका, त्यांच्या चुण्या पडतात. घालण्याआधी दोन्ही हातांनी तिचं पाऊल घट्ट, सावकाश दाबा, तिला चालत असेल तरच. काही मुलांना यानंतर मोजा सुसह्य होतो. निवड आदल्या संध्याकाळी करू द्या, सकाळच्या घाईत नको. आणि ती 'टोचतंय' म्हणाली की 'कुठे?' एवढंच विचारा. पाच-सहा वर्षांचं मूल बोट ठेवून जागा दाखवतं. झोप अपुरी असली किंवा भूक लागली असली की कालचाच मोजा आज असह्य होतो, हेही खरं आहे, त्यामुळे 'काल तर चालला होता' हा पुरावा धरू नका.

गणवेशाबद्दल कार्यालयात बोलताना लांबलचक वर्णन नको. 'शर्टाचा रंग आणि नमुना तोच ठेवते, कापड सुती हवंय, शिवून मी घेईन' अशी ठोस मागणी लेखी करा. कारण विचारलं तर 'स्पर्शाची संवेदनशीलता' पुरे. कापडाला नकार आलाच तर आत अस्तर लावायची परवानगी मागा. गळ्याच्या आणि बाह्यांच्या आतल्या बाजूने शिंपी मऊ सुती अस्तर लावून देऊ शकतो, आणि बाहेरून गणवेश तसाच दिसतो.