सोलकढी गरम केली की का फाटते? हुमण (गोव्याकडची नारळ घातलेली माशांची आमटी) तर उकळतं, मग त्यातला नारळ का फाटत नाही?

नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. नारळातलीच प्रथिनं प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टन धरतात, म्हणून थेंब एकत्र येत नाहीत. रस साधारण ८० अंशांपुढे तापला की या प्रथिनांची घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. त्यात सोलांचं, म्हणजे कोकमांचं, आंबट! पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास असला की ही प्रथिनं मुळातच पाण्यात नीट राहत नाहीत. आंबट आणि उष्णता दोन्ही एकदम मिळाली की कढी टिकणं कठीण. टोपाच्या कडेला पांढरे कण जमतात, खाली गुलाबी पाणी सुटतं, वर तेलाचे ठिपके येतात.

हुमणातही रस फाटतोच. पण तिथे वाटलेल्या खोबऱ्याचा चोथा, मिरची, धणे सगळं दाट धरून ठेवतं, त्यामुळे ते जाणवत नाही. वर आलेला तेलाचा तवंग तर आपल्याला हवाच असतो.

पावसात कोमट कढी प्यावीशी वाटली, तर दाट रस शेवटी घाला, मंद आचेवर सतत ढवळा आणि वाफ दिसू लागताच उतरवा. उकळी अजिबात नको. फाटलेली कढी मिक्सरमध्ये फिरवली तरी रवाळच लागते.

फ्रिजमधल्या कढीवर पांढरा थर दिसला, तर ओतून देऊ नका. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं. वास चांगला असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवून ढवळा.