लायब्ररीची आवृत्ती बदललीत, लायसन्स पुन्हा वाचलंत का?

होमस्टेसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर केलंय, पीडीएफ बनवायला आयटेक्स्ट या लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, नवी आवृत्ती लावलीय, ते ओपन सोर्सच आहे तर विकायला हरकत काय, असं तुम्ही विचारलंय. वाचून छातीत धस्स झालं. मी नेमका इथेच फसलो होतो.

विकायला हरकत नाहीच. जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखालचा कोडही विकता येतो. प्रश्न तुमच्या स्वतःच्या कोडचा आहे, तो उघडा करावा लागेल का हा.

माझ्या फोंड्याच्या ऑफिसात आयटेक्स्टची जुनी 2.1.7 आवृत्ती होती. तिचं लायसन्स एलजीपीएल किंवा एमपीएल, म्हणजे ज्याचा सोर्स (मूळ कोड) देत नाहीत अशा बंद सॉफ्टवेअरमध्येही चालणारी सैल लायसन्सं. ते मी नीट वाचलं होतं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, सगळी बिलं नव्याने मांडायची होती, त्या घाईत पाचव्या आवृत्तीवर गेलो. कोडमध्ये लायब्ररीला बोलावणाऱ्या ओळी बदलल्या, बिल छापलं, झालं. लायसन्सची फाइल उघडलीच नाही. 2009 साली पाचव्या आवृत्तीपासून आयटेक्स्टचं लायसन्स एजीपीएल झालंय, म्हणजे जीपीएलचंच जास्त कडक रूप. ग्राहकाला प्रोग्राम दिलात की अख्ख्या प्रोग्रामचा सोर्स त्याच अटींवर द्यायचा, नाहीतर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. पुढे कळंगुटच्या एका हॉटेलवाल्यांनी करारापूर्वी लायब्रऱ्यांची यादी मागितली आणि त्यांच्या वकिलाने तिथेच बोट ठेवलं. करार गेला. आधी दिलेल्या प्रत्येक हॉटेलच्या काउंटरवर जाऊन लायब्ररी बदलण्यात अख्खा पावसाळा गेला.

आणि हे सगळं एका सल्लागार कचेरीत पैसे मोजून विचारल्यावर! ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट, बिनधास्त वापरा,’ एवढंच उत्तर. आवृत्ती कुठली, हेसुद्धा विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

लायब्ररीवाल्यांवर मात्र राग नाही. स्वतःचा कोड बंद ठेवून कमावायचं असेल तर त्यांचे पैसे द्यावेत, हे मला रास्त वाटतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा धंदाही असाच दुहेरी लायसन्सवर चालतो.

मी वकील नाही, मोठा करार असेल तर जाणकाराला दाखवा. पण सर्व्हरवर ठेवून ब्राउझरमधून दिलं की सुटलो, असं समजू नका. जीपीएलमध्ये प्रोग्रामची प्रत हातात दिली तरच सोर्स द्यावा लागतो, ती पळवाट बुजवायलाच एजीपीएल आलं. पैसे द्यायचे नसतील तर ओपनपीडीएफ ही लायब्ररी बघा, ती त्याच जुन्या आयटेक्स्टवरून पुढे नेलेली आहे. लायब्ररीने आत ओढलेल्या दुसऱ्या लायब्रऱ्यांची लायसन्संही तपासा.

जाता जाता, मंगल फॉन्टची फाइल इन्स्टॉलरमध्ये घालू नका, तो मायक्रोसॉफ्टचा आहे. नोटो सान्स देवनागरी ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, सॉफ्टवेअरबरोबर देता येतो. फक्त आधी बिलावर ‘शांतादुर्गा’ छापून रफार जागेवर पडतो का ते बघा.