पऱ्हाटीचा कोळसा, निळं पाणी आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेऊन. कॉलेजात तिनं पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) कोळशानं निळं पाणी स्वच्छ केलं, तेव्हापासून यातच पुढं शिकायचं म्हणते. नातेवाईक बी.एड. सुचवतात. यात पोटापाण्याचं काही आहे का?

उत्तर : आहे भाऊ. पण कोळसा विकून नाही, पाणी तपासता आलं तर.

आधी तिनं केलं काय ते पाहू. आपल्या धुऱ्यावर पऱ्हाट्या पेटवून मिळतो तो कोळसा यात फारसा कामाचा नाही. फॉस्फोरिक आम्ल किंवा वाफ वापरून, हवा कोंडून तापवला की त्यात बारीक छिद्रं पडतात, हाच सक्रिय कोळसा. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत जवळपास दहा गुंठे पृष्ठभाग असतो. रंग त्यालाच चिकटतो. अशा सच्छिद्र पदार्थांचं मोल मोठं आहे. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र जाळ्यांवरच्या कामालाच मिळालं.

तिचं निळं पाणी बहुधा मिथिलिन ब्लूचं असणार, कॉलेजात तेच असतं. हा रंग धनभारित, म्हणून ऋणभारित पृष्ठभागाच्या साध्या लाकडाच्या भुशालाही चिकटतो. त्यात फार मोठी मर्दुमकी नाही! सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह (धाग्याशी पक्के जोडले जाणारे) रंग मात्र ऋणभारित, शिवाय त्या सांडपाण्यात मीठ भरपूर. तोच कोळसा तिथं हात टेकू शकतो. तिला म्हणा, आता असा एखादा लाल रंग घे, पीएच (पाण्याची आम्लता) बदलून बघ, कलरीमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रावर उरलेला रंग मोज. आणि रंगानं भरलेल्या कोळशाचं काय करणार, तेही वहीत लिही. रंग नष्ट झालेला नाही, पाण्यातून कोळशात गेलाय. मुलाखतीत हे विचारू शकतात.

नोकरीचं म्हणाल तर नागपूरजवळच्या बुटीबोरी, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना केमिस्ट लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा, पाळ्यांचं काम. हे आधीच सांगून ठेवतो. संशोधनात जायचं तर नागपुरात १९५८ पासून नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. तिथल्या प्रकल्पांवरच्या बऱ्याच जागांना एम.एस्सी. लागते, पुढं पीएच.डी.साठी नेट ही परीक्षा.

एम.एस्सी. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून होईल. पण आयआयटीत एम.एस्सी.चं दार जॅम या प्रवेश परीक्षेतून उघडतं आणि ती तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, नातेवाईकांना तसं सांगा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरात निघतात. तिसऱ्या वर्षाला गेली की तिला तेव्हाच भरायला लावा.