वाचकांचे प्रश्न : कृतज्ञतेची वही तिसऱ्या आठवड्यात बंद का पडते?

प्रश्न : रोज झोपताना कृतज्ञतेची वही लिहायला घेतली. दहा दिवस बरे गेले. मग रोज तेच : घर, तब्येत, नोकरी, मुलं. आता वही उघडायचाही कंटाळा येतो. कुठे चुकतंय? (बोरिवली)

उत्तर : दोन ठिकाणी. एक तर रोज लिहिताय. दुसरं म्हणजे नुसती नावं लिहिताय, घडलेलं काहीच नाही.

चांगल्या गोष्टीची मनाला फार लवकर सवय होते, आणि रोज गिरवलेली यादी पाढ्यांसारखी तोंडातून निघून जाते. मानसशास्त्रज्ञ सोनिया ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहा आठवड्यांच्या प्रयोगाबद्दल लिहिलं होतं : आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. तेव्हा रविवारची रात्र, दहा मिनिटं, तीनच नोंदी. प्रत्येक नोंदीत काय झालं, ते कोणामुळे झालं आणि झालं नसतं तर आपली काय गत होती, हे यायला हवं. हा शेवटचा भाग सगळे गाळतात, आणि सवयीची झापड उतरते ती त्यानेच.

‘पाणी आलं’ ही नोंद निर्जीव आहे. त्याऐवजी : ‘मंगळवारी पहाटे साडेपाचला पाणी आलं. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणापासून एवढ्या लांब आलेलं पाणी, पण पालिकेच्या चावीवाल्याने आमच्या गल्लीची चावी फिरवली म्हणून बादलीत पडलं. तो आला नसता तर टँकरची वर्गणी आणि बिनआंघोळीचं ऑफिस.’ इथे माणूस दिसला. तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा आला तरी चालेल, पण त्याने केलेली गोष्ट नवी हवी. तीन नोंदी सापडल्या नाहीत तर एकच लिहा. ओढूनताणून लिहिलेली तिसरी नोंदच वही बंद पाडते.

मुळात गोष्ट घडताना लक्ष नसेल तर रविवारी आठवणार काय? त्याचा सराव लोकलमध्ये होतो. दोन स्टेशनांमधलं एकच अंतर ठरवून टाका, समजा बोरिवली ते कांदिवली. तेवढा वेळ मोबाइल खिशात. डोळे उघडेच ठेवा, खिसाही सांभाळायचा असतो. पाच-सहा श्वास, सोडताना जरा लांबवून. मग आत्ता आपण कोणाच्या कामावर पुढे चाललोय, असा एक माणूस शोधा : मोटरमन, रात्री रूळ तपासून गेलेला गँगमन, सरकून चौथी सीट देणारा प्रवासी. दारात उभे असाल तर हा उद्योग नको, दांडा धरा. (दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणं बांधून पूजा करणारे ग्रुप दुसरं काय करतात? फक्त वर्षातून एकदा.)

प्रश्न : घरात ‘धन्यवाद’ म्हटलं की सगळे हसतात. नवरा विचारतो, ‘काय हवंय?’ (परळ)

उत्तर : हसणारच. ‘धन्यवाद’ आणि ‘आभारी आहे’ हे आपल्याकडे व्यासपीठावरचे शब्द आहेत, आणि ‘थँक्यू’ इतकं झिजलंय की ते ऐकूच येत नाही. मराठी घरात कृतज्ञता कामाचं नाव घेऊन सांगितली जाते. ‘आई, तुम्ही रात्रीच भाजी निवडून ठेवलीत म्हणून मला सातची गाडी मिळाली.’ ‘बरं झालं तू गॅसचा नंबर लावलास, माझ्या डोक्यातून गेलंच होतं.’ काम आणि त्यामुळे आपलं काय वाचलं, एवढंच. त्याच दिवशी सांगा, आणि मागोमाग स्वतःचं काम पुढे करू नका. तसं केलंत तर नवऱ्याचा संशय रास्त ठरतो.

कामाला येणाऱ्या मावशींबाबत मात्र शब्दांवर भागवू नये. पगार ठरल्या तारखेला, सुट्टी भरपगारी, मग गोड बोलणं.

प्रश्न : घरमालकाने भाडं वाढवलं, साहेब रोज दोन तास फुकट थांबवून घेतात. मित्र म्हणतो, ‘आहे त्यात समाधान मान.’ (भांडुप)

उत्तर : मित्राचं ऐकू नका. भाड्याचा करार वाचणं आणि जादा तासांची तारीखवार नोंद ठेवणं हे कृतज्ञतेच्या विरुद्ध नाही. तक्रार दाबायला ही वही वापरली तर चीड आत साठते. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मनाच्या तक्रारींसाठी असलेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : चाळीस वर्षांपूर्वी मला नोकरीत सांभाळून घेणाऱ्या बाईंना पत्र लिहायचंय. इतक्या उशिरा विचित्र दिसेल का? (गिरगाव)

उत्तर : तुम्हाला वाटेल तितकं नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांच्या २०१८ च्या प्रयोगांत पत्र लिहिणाऱ्यांचा अंदाज असा होता की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी अवघडलं आणि आनंद जास्त झाला. लिहिणारा शब्द नेमके पडतात की नाही याची काळजी करत बसतो, वाचणाऱ्याला त्यातली आपुलकी दिसते.

पानभर पुरे. पहिल्या दोन ओळींत आपण कोण, कुठल्या खात्यात होतो ते लिहा, कारण त्यांना चटकन आठवेलच असं नाही. मग एकच प्रसंग, तपशिलासकट : कुठली चूक, त्या काय बोलल्या, कोणापुढे तुमची बाजू घेतली. मग त्याचा पुढे काय उपयोग झाला. ‘आपले उपकार कधीच फिटणार नाहीत’ हे वाक्य गाळा, त्याने समोरच्यावर उगीच ओझं येतं. शक्य असेल तर जाऊन वाचून दाखवा. अक्षर मोठं काढा आणि वाचून झाल्यावर कागद त्यांच्याकडेच राहू द्या. त्या हयात नसतील तर पत्र त्यांच्या मुलांच्या हाती द्या. आईची ऑफिसातली बाजू मुलांना बहुधा ठाऊकच नसते.