एकच पाटी, दोन नोंदी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हर्णैचा. आमच्या मच्छीमार सोसायटीचा हिशेबाचा प्रोग्रॅम मीच पायथनमध्ये लिहिलाय. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो. तिथे लॅपटॉप घेऊन बसलेला आमचा कारकून बोली तुटली की नोंद टाकतो : होडी, मासळी, भाव, घेणारा. ती नोंद गूगल क्लाउड पबसबच्या, म्हणजे इंटरनेटवरून मेसेज पोचवणाऱ्या सेवेच्या, एका टॉपिकवर (मेसेज टाकायच्या जागेवर) जाते. त्या टॉपिकला दोन सबस्क्रिप्शन (मेसेज घेणाऱ्या रांगा) आहेत, एक सोसायटीच्या हिशेबाची आणि एक बर्फवाल्याची. गेल्या महिन्यात सुरमईची एक पाटी हिशेबात दोनदा चढली. व्यापाऱ्याला १८,५०० रुपयांचं बिल दोनदा गेलं आणि त्याने सोसायटीत येऊन चारचौघांत आवाज चढवला. मी ‘एक्झॅक्टली वन्स’ डिलिव्हरी (एक मेसेज एकदाच मिळण्याची सोय) चालू केली, तरी परवा पुन्हा तेच. कोड आणि लॉग सोबत जोडलेत. चूक पबसबच्या तयार लायब्ररीची की माझी?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : लॉग ओळ न् ओळ वाचला. दोन्ही नोंदींत होडी तीच, भाव तोच, घेणारा तोच. मेसेज आयडी मात्र दोन वेगळे आहेत. मेसेज पबसबच्या सर्व्हरवर पोचला की सर्व्हर त्याला हा आयडी देतो. एकच आयडी दोनदा दिसला असता, तर तोच मेसेज तुमच्या हिशेबाला दुसऱ्यांदा दिला गेला असं म्हटलं असतं. आयडी दोन आहेत, म्हणजे मेसेजच दोन आहेत आणि ते किनाऱ्यावरूनच निघाले. ‘एक्झॅक्टली वन्स’ पहिल्या प्रकाराला आवरते. दुसऱ्या प्रकारात तिच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र मेसेज असतात, आणि तिने ते एकेकदाच दिले. तेव्हा तिच्याकडून काही चुकलेलं नाही.

मग दोन निघाले कसे? तुमच्या कोडमध्ये पब्लिश केल्यावर (मेसेज पाठवल्यावर) जे फ्यूचर, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराचं टोकन, हाती येतं, त्याच्या रिझल्टसाठी तुम्ही ५ सेकंद थांबता. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर पडद्यावर लाल अक्षरांत येतं, ‘नोंद गेली नाही, पुन्हा पाठवा’. लॉगमध्ये दोन्ही वेळा पहिल्या नोंदीपाशी टाइमआउटची ओळ आहे, म्हणजे रेंज गेली होती. कारकुनाने पडद्यावरचं वाचलं आणि पुन्हा बटण दाबलं. त्याचं काहीच चुकलं नाही, हे सोसायटीत सगळ्यांसमोर सांगा, कारण बोल त्यालाच बसले असणार.

पाच सेकंद संपले की तुमचं थांबणं संपतं, पाठवणं नाही. पहिला मेसेज लायब्ररीच्या हातात तसाच असतो आणि ती तिच्या मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. रेंज आली, पहिला गेला, मागोमाग दुसराही गेला. तेव्हा ते वाक्य आधी बदला. ‘पाठवतो आहे, थांबा’ एवढंच खरं आहे, तेवढंच लिहा.

पण नुसतं वाक्य बदलून भागणार नाही. कधी मेसेज सर्व्हरवर पोचतो आणि ‘पोचला’ हे उत्तरच वाटेत हरवतं. लायब्ररीला ते कळायला मार्ग नसतो, ती पुन्हा पाठवते, आणि बटणाला हात न लावताही दोन आयडी तयार होतात. म्हणून ओळख तुमची स्वतःची हवी. लिलावाच्या कागदी पावतीला नंबर असतोच. तसाच इथे घ्या : तारीख, होडीचा नोंदणी क्रमांक आणि त्या दिवशीचा त्या होडीचा कितवा लिलाव. हा नंबर बोली तुटून नोंद जतन होते त्या क्षणी एकदाच ठरला पाहिजे. पाठवायच्या क्षणी नवा बनवलात, तर दुसऱ्या दाबण्याला दुसरा नंबर मिळेल आणि आपण होतो तिथेच. नोंद आधी लॅपटॉपवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये लिहा आणि मग नंबर ॲट्रिब्यूटमध्ये (मेसेजला जोडलेल्या माहितीत) घालून मेसेज पाठवा. हिशेबाच्या टेबलात त्या नंबरच्या रकान्यावर युनिकची, म्हणजे एक नंबर एकदाच, अशी अट टाका. तीच नोंद पुन्हा आली तर डेटाबेस ती घेणार नाही. पण त्या नाकारलेल्या मेसेजचीही पोच पबसबला द्या, नाहीतर तो फिरून फिरून येत राहील. बर्फवाल्याकडेही हीच अट हवी.

भाव चुकला म्हणून कारकून तीच नोंद दुरुस्त करत असेल, तर दुरुस्तीचा मेसेज वेगळा ठेवा आणि तिला वेगळा नंबर द्या. मूळ नोंदीआधी दुरुस्ती पोचू नये म्हणून होडीचा क्रमांक ऑर्डरिंग की म्हणून वापरता येतो, म्हणजे त्या होडीचे मेसेज क्रमानेच मिळतात. मात्र ऑर्डरिंग सबस्क्रिप्शन तयार करतानाच चालू करावं लागतं. आहे त्या सबस्क्रिप्शनवर ते नंतर बसवता येत नाही.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ती मला दोन नोंदींपेक्षा जास्त काळजीची वाटते. तुमच्या कॉलबॅकची, म्हणजे मेसेज आला की चालणाऱ्या कोडची, पहिलीच ओळ ‘ॲक’ची (पोच देण्याची) आहे. म्हणजे मेसेज हातात पडताच तुम्ही पोच देता आणि मग हिशेबात लिहिता. पोच मिळाली की पबसबच्या लेखी ते काम संपलं, तो मेसेज पुन्हा येत नाही.

मीही असंच लिहिलं होतं. रत्नागिरीत एका आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये पेटी भरली की मेसेज निघायचा आणि माझा प्रोग्रॅम तो गाडीच्या यादीत चढवायचा. पोच द्यायची मुदत मुळात १० सेकंदांची असते. लिहायला वेळ लागला तर ती उलटेल या भीतीने मी पोच आधी द्यायचे. मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला आणि वीज गेली. कॉम्प्युटर परत सुरू झाला तेव्हा १४ पेट्या यादीत नव्हत्या. पोच गेली होती, लिहायचं राहिलं होतं. बागायतदाराची आई बॅटरी घेऊन शेडमध्ये गेली, एकेका पेटीवरची चिठ्ठी तिने मोठ्याने वाचली आणि मी हाताने लिहून घेतलं. गाडी उशिरा निघाली. नाशवंत माल होता तो, आणि त्या घराचं वर्षाचं उत्पन्न. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

शिवाय ती भीती बाळगायचं कारणच नव्हतं. कॉलबॅक चालू असेपर्यंत लायब्ररी पोचेची मुदत आपणहून वाढवत राहते, पायथनमध्ये मुळात एका तासापर्यंत. आणि पोच न दिलेला मेसेज सबस्क्रिप्शनमध्ये ७ दिवस राहतो. तेव्हा आधी डेटाबेसमध्ये लिहा, ते पक्कं झालं की मगच पोच द्या. या क्रमाने एखादा मेसेज कधी दोनदा येईल, पण नंबरची अट त्याला अडवेल. हरवलेल्या नोंदीला अडवणारं काहीच नसतं.

प्रश्न : मिरकरवाड्याला आमचा बर्फाचा कारखाना आहे. पावसाळी मासेमारीबंदीत पबसबवरून मेसेज घेणारा प्रोग्रॅम बंद ठेवला होता. १ ऑगस्टला चालू केला, तर एकही मेसेज नाही. पाठवणाऱ्यांकडे मात्र सगळं ‘यशस्वी’ दिसतं. बिघडलं काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमची सबस्क्रिप्शन आता अस्तित्वात नाही. मुळात तिला ३१ दिवसांची मुदत असते. तेवढ्या काळात कोणी तिला हात लावला नाही, तर ती आपोआप रद्द होते. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. जुलै उजाडता उजाडताच तुमची मुदत भरली. टॉपिक जागेवर आहे, म्हणून पाठवणाऱ्याला ‘यशस्वी’ दिसतं, पण तुमच्या वाट्याचे मेसेज धरून ठेवणारं कोणी उरलेलं नाही. तुमचा प्रोग्रॅम गप्प का? सबस्क्राइब केल्यावर मिळणाऱ्या फ्यूचरचा रिझल्ट तुम्ही कुठे मागत नसणार. मागितलात की ‘नॉट फाउंड’ लगेच समोर येईल.

सबस्क्रिप्शन नव्याने तयार करा आणि तिची मुदत ‘कधीच नाही’ अशी ठेवा. नव्या सबस्क्रिप्शनला मेसेज तिच्या जन्मापासूनचेच मिळतात. त्याआधीचे हवे असतील तर टॉपिकवर मेसेज राखून ठेवायची सोय आधीच चालू असायला हवी होती, ती जास्तीत जास्त ३१ दिवसांची असते. ती नसेल तर मधल्या दिवसांच्या बर्फाच्या मागण्या पाठवणाऱ्यांना फोन करून, त्यांच्या वहीवरूनच घ्याव्या लागतील.

हर्णैच्या वाचकांनीही आपल्या दोन्ही सबस्क्रिप्शन उघडून मुदतीची ही एक ओळ पाहून घ्यावी. त्यांचा लॅपटॉपही जूनमध्ये कपाटात जात असणार.