कोरीच्या मिशा झडतायत? आधी वाळू बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की टँकमधल्या चार कोरींच्या (कोरीडोरास, तळाशी राहणारा छोटा मिशीवाला मासा) मिशा झडतायत, ते सारखे वर येतात आणि दुकानदार खडे मीठ टाका म्हणतो. मीठ टाकू नका, दुकानदाराने सांगितलं असलं तरी. कोरीडोरासला मीठ मानवत नाही.

वर येऊन हवा घेणं हा आजार नाही. कोरी बाणासारखा वर येतो, एक घोट हवा गिळतो आणि परत तळाला जातो. ती हवा त्याच्या आतड्यातून रक्तात जाते. दक्षिण अमेरिकेतल्या संथ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो यावरच तगतो. पण चारही मासे सारखे वर धावत असतील तर एअर पंप तपासा. पावसात लाईट तासन्‌तास जाते, म्हणून बॅटरीवरचा पंप घरात असू द्या.

मिशांचं कारण तुम्ही जाता जाता लिहिलंय: वाळू गुहागरच्या किनाऱ्यावरची आहे. चिमूटभर सुकी वाळू बशीत घेऊन वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की समजा, त्यात शिंपल्यांचा चुरा आहे. तो पाण्यात क्षार वाढवून ते जड करतो आणि धारदार कडांनी मिशा सोलतो. कोरी खाताना बघा, डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हेच. माझ्या पहिल्या टँकमध्ये मी हीच चूक केली होती आणि तीन मासे गमावले, अजून वाईट वाटतं.

नदीची बारीक, गोल कणांची वाळू आणा, निवळ पाणी येईपर्यंत धुवा, दोन बोटं जाडीची पसरा. तळाशी घाण साचली तरी मिशा कुजतात, म्हणून दर आठवड्याला तळातली घाण नळीने ओढून पाव टँक पाणी बदला. मिशांची मुळं शिल्लक असतील तर त्या पुन्हा वाढतात.

जांभा दगडातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं, ते यांना छान. मात्र समुद्राजवळची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ लागायला लागली की ते पाणी टँकमध्ये नको. त्याच दिवसांत उकाडाही जपा. ब्राँझ जातीच्या कोरीला २२ ते २६ अंश बरं वाटतं, तेव्हा झाकण काढून वर जाळी ठेवा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा.

वाळू बदलताना मासे जाळीने धरू नका, मगात घ्या. शिंगाळा माशासारखाच यांच्या परांना ताठ काटा असतो, जाळीत अडकला की सोडवताना मासा जखमी होतो.

कोरी कळपातला मासा आहे, चार कमीच. अजून दोन आणा, पण या चौघांच्या मिशा पुन्हा फुटलेल्या दिसल्यावरच.